चमचाभर म्हणजे किती?

पाककृतीत 'चवीपुरते मीठ' असे छापलेले असते. ज्याला चव आधीच ठाऊक आहे त्याला ते पुरते. खोली घेऊन हाताने स्वयंपाक करणाऱ्या आम्हा नवशिक्यांना पुरत नाही. महिन्याचा शिधा मोजका असतो. उपमा बिघडला म्हणून दुसरा रवा भाजायला घेता येत नाही.

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'त (१९७०) वाटी आणि चमचा हेच माप आहे. वाटीने प्रमाण कळते. एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी म्हटले, की वाटी लहान असो वा मोठी, उपमा जमतो. मात्र दोन्ही एकाच वाटीने मोजावे. घोटाळा होतो तो चमच्यापाशी. वाटी मोठी घेतली तरी मिठाचा चमचा तेवढाच राहतो. शिवाय तो सपाट की शिगेचा, हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते! सुरीच्या पाठीने शीग उतरवली की चमचा दर वेळी सारखा भरतो. तोच चमचा खडेमिठाचा असेल तर बारीक मिठापेक्षा वजनाला कमी भरतो, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. कणीक तर चाळून अलगद भरली तर एक, दाबून भरली तर भलतीच. पिठाला वजनच खरे.

मापाचे भांडे विकतच घ्यावे असे नाही. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर ५ आणि १० मिलिलिटरच्या रेघा असतात. ते स्वच्छ धुऊन त्याने पाणी मोजत आपली वाटी एकदा भरून पाहावी. आमची १५० मिलिलिटरची निघाली, शेजारच्या खोलीतली २००ची.

आई 'अंदाजाने' करते असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, पण आमच्या घरी अजून चिपटे-मापटे आहे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे शेर. आई शाळेत गेलेली नाही. सुट्टीत तिच्या तांदळाच्या पाच मुठी मी काट्यावर तोलल्या. सर्वांत हलकी ३८ ग्रॅम भरली, सर्वांत जड ४१. आई म्हणाली, "त्यात काय बघतोस? हात त्योच हाय की."

तो हात परगावी नेता येत नाही. म्हणून वहीत लिहून ठेवले आहे: आईची मूठ ४० ग्रॅम, माणशी दोन मुठी. तीन मुठी म्हणजे आमची सपाट एक वाटी. आम्ही तिघे, तेव्हा दोन वाट्या.