एकाला लागण, दुसऱ्याला नाही, असे का?

मागच्या वर्षावासात अहमदपूरच्या एका वस्तीतील विहारात ग्रंथवाचन संपल्यावर एका आजीने आम्हाला विचारले, "करोनात आमची सहा माणसं एकाच खोलीत झोपायची. चौघं आजारी पडली, दोघांना काहीच झालं नाही. असं कसं?" मागून कोणीतरी म्हणाले, "नशीब!" आपण नशीब मानत नाही, कारण शोधतो. ते शोधण्याचे काम काही तरुणांनी स्वतःच्या शरीरावर होऊ दिले.

२०२१ साली लंडनमध्ये १८ ते २९ वयाच्या ३६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात करोना विषाणूचा अगदी थोडा अंश थेंबातून सोडला. त्यांना आधी करोना झाला नव्हता, लसही घेतलेली नव्हती. रुग्णालयात वेगळ्या खोल्यांत ठेवून त्यांच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवले. डोस सारखाच, तरी लागण साधारण निम्म्यांनाच झाली.

पुढे १६ स्वयंसेवकांच्या नाकातील व रक्तातील पेशी तपासल्या. सहा जणांना पूर्ण लागण झाली, तिघांच्या चाचणीत विषाणू थोडा वेळ दिसला, सात जणांच्या चाचणीत दिसलाच नाही. ज्या तिघांनी विषाणू लवकर हटवला, त्यांच्या नाकात संरक्षक पेशी पहिल्याच दिवशी पोचल्या होत्या. पूर्ण लागण झालेल्यांत त्या पाचव्या दिवसाच्या सुमारास आल्या. तोवर विषाणूने घर केले होते. म्हणजे पहारेकरी दाराशी किती लवकर येतो, यावर बरेच अवलंबून असते.

यातून आपण काय घ्यावे?

१. विषाणू घशात आधी सापडला, पण नाकात त्याचे प्रमाण जास्त होते. मास्क हनुवटीवर नको. नाक झाकले पाहिजे.
२. सगळे रुग्ण सारखे पसरवत नाहीत. दोनच स्वयंसेवकांनी हवेत सर्वाधिक विषाणू सोडला. असा माणूस कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून खोकला असणाऱ्याने खिडकीजवळ, बाजूला झोपावे. म्हाताऱ्यांपासून व लेकरांपासून दूर राहावे.
३. दम लागला, छातीत दुखले किंवा ताप उतरेना, तर घरगुती उपायात दिवस न घालवता ग्रामीण रुग्णालय गाठावे.

घरी मात्र कोणी मुद्दाम आजार लावून घेऊ नये. त्या अभ्यासात निवडलेले निरोगी तरुण होते आणि डॉक्टर उशाशी होते.

आता संमतीविषयी. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम जिल्ह्यात मुलींना लस देऊन एक अभ्यास झाला. त्यात अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले. दोष लसीचा नव्हता, गरिबाला न विचारण्याचा होता. भारतातही स्वयंसेवकांना लागण करून अभ्यास करावा का, यावर विचार सुरू आहे. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याविषयीचे धोरणपत्र लोकांपुढे ठेवले. म्हणून उद्या कोणी कागद घेऊन वस्तीत आले, तर आधी विचारा: हा उपचार आहे की अभ्यास? मराठीत समजावून सांगाल का? मधेच बाहेर पडता येईल का? इजा झाली तर खर्च कोणाचा? पैसे मिळतात एवढ्यासाठी अंगठा देऊ नका. समजून दिलेला होकार हे मोठे दान आहे. न समजता घेतलेली सही ही फसवणूक आहे.

बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, असेच सांगितले होते. आजी, तुमचा प्रश्न तसाच होता.

नमो बुद्धाय, जय भीम.