छोटी मोटार घेताना : हाताचा गिअर की आपोआप?



गळीत हंगामात उसाचे बिल खात्यावर जमा होऊ लागले की गटकचेरीत होणाऱ्या चौकशीचा रंग थोडा बदलतो. बेणे, खत, ठिबक यांच्या बरोबरीने हल्ली एक प्रश्न हटकून येतो, "साहेब, छोटी गाडी घ्यायची म्हणतोय. गिअरची घ्यावी का ऑटोमॅटिक?" आम्ही ऊस खात्याची माणसे, मोटारीचे व्यापारी नव्हे. परंतु यंत्र कोणतेही असो, ते घेण्यापूर्वी त्याचे काम, खर्च आणि चालवणारा माणूस या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. ट्रॅक्टरला आपण जो हिशोब लावतो तोच मोटारीला लावला म्हणजे उत्तर सापडते. ते या लेखात पाहू.

थोडी पूर्वपीठिका

सामान्य माणसाच्या आवाक्यातील छोटी मोटार आपल्याकडे खऱ्या अर्थाने आली ती मारुती 800 च्या रूपाने. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या एका ग्राहकाला देण्यात आली. इंजिन 796 सी.सी.चे. पुढे तीस वर्षे 'छोटी गाडी म्हणजे हाताने गिअर टाकायची गाडी' हेच समीकरण राहिले. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या होत्या, पण महाग आणि पेट्रोल जास्त खाणाऱ्या. म्हणून 'ऑटोमॅटिक म्हणजे शहरातल्या श्रीमंताचे काम' असा समज झाला तो आजही अनेकांच्या मनात आहे.

हा समज 2014 साली जुना झाला. त्या वर्षी सेलेरिओ ही छोटी मोटार नव्या पद्धतीच्या आपोआप गिअरसह बाजारात आली. या पद्धतीला ए.एम.टी. म्हणतात. आज अल्टो के-10, वॅगन-आर, सेलेरिओ, टियागो, क्विड अशा गाड्यांत ती मिळते. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि 1200 सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील जी.एस.टी. 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. पूर्वीचा जादा उपकरही गेला. त्यामुळे छोटी मोटार पुन्हा चर्चेत आहे.

ए.एम.टी. म्हणजे काय?

नाव मोठे असले तरी गोष्ट साधी आहे. गिअरपेटी नेहमीचीच, क्लच प्लेटही नेहमीचीच. फरक इतकाच की क्लच दाबण्याचे काम आपल्या डाव्या पायाऐवजी आणि गिअर टाकण्याचे काम डाव्या हाताऐवजी एक छोटी यंत्रणा करते. कोणत्या वेगाला कोणता गिअर हे गाडीतला संगणक ठरवतो. चालकाला पायाशी फक्त ब्रेक आणि ॲक्सिलेटर राहतो.

मग जुन्या ऑटोमॅटिकसारखे पेट्रोल का जात नाही? जुन्या पद्धतीत इंजिनाची ताकद तेलामधून चाकाकडे जाई व वाटेत काही वाया जाई. ए.एम.टी.त नेहमीच्या गाडीसारखी थेट क्लच प्लेट आहे, म्हणून ती गळती नाही. 2014 च्या सेलेरिओला कंपनीने दोन्ही प्रकारांत लिटरला 23.1 किलोमीटर हाच आकडा दिला होता. अल्टो के-10 चे आकडे पाहा : हाताच्या गिअरला 24.39 आणि आपोआप गिअरला 24.90. म्हणजे फरक नसल्यासारखाच.

हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेले असतात. आपल्या रस्त्यावर, चार माणसे आणि मागे पोते टाकून, एवढे पडत नाही. परंतु दोन्ही प्रकारांत घट साधारण सारखीच येते. तेव्हा 'ॲव्हरेजसाठी गिअरचीच गाडी बरी' हे कारण आता धरू नये.

पैशाचा फरक

एकाच मॉडेलमध्ये ए.एम.टी.ला साधारण अर्धा लाख रुपये जास्त पडतात. नेमका आकडा दोन विक्रेत्यांकडून लेखी घ्यावा. टनाला तोडणी-वाहतूक वजा जाता तीन हजार रुपये हाती पडतात असे धरले, तर हे पन्नास हजार म्हणजे जवळपास सतरा टन ऊस झाला. पेट्रोलच्या बचतीतून ही रक्कम कधीच फिटणार नाही, कारण बचतच नाही. गाडी दहा वर्षे वापरली तर वर्षाला पाच हजार, म्हणजे दिवसाला सुमारे चौदा रुपये. प्रश्न असा की या चौदा रुपयांत आपल्याला काय मिळते?

आपल्या रस्त्यावर कोणती कशी?

हंगामात कारखान्याच्या रस्त्याला लागलात तर पुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग असते. तासभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करून डावा पाय भरून येतो. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांना तर गाडी नको होते. इथे आपोआप गिअर सुखाचा. घाटात चढावर गाडी बंद पडण्याची भीतीही राहत नाही.

आता दुसरी बाजू.

1) पावसाळ्यात वस्तीच्या वाटेवर गाडी रुतली, तर पहिला व मागचा गिअर आलटून-पालटून टाकून गाडी झुलवत बाहेर काढणे हाताच्या गिअरने सोपे जाते.

2) गाडी पंधरा-पंधरा दिवस दारात उभी राहिली आणि बॅटरी उतरली, तर गिअरची गाडी चार पोरांनी ढकलून चालू होते. ए.एम.टी. ढकलून चालू करता येत नाही. दुसऱ्या गाडीवरून करंट घेण्याची केबल जवळ ठेवावी.

3) हाताच्या गिअरचे काम गावातला मिस्त्री करतो. ए.एम.टी.तला बिघाड शोधायला संगणक लावावा लागतो, म्हणून सर्व्हिस सेंटर किती लांब हे आधी पाहावे. गोठ्या-कणगीजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांपासून वायरिंग जपावे.

4) ए.एम.टी.ला गिअर बदलताना क्षणभर थांबल्यासारखे होते. भरलेली ट्रॉली ओलांडताना हा क्षण मोठा असतो. समोरचा रस्ता पुरेसा मोकळा दिसल्याशिवाय बाहेर पडू नये.

ए.एम.टी. घेणाऱ्यांनी तीन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. चढावर थांबल्यास ब्रेकवर थांबावे, ॲक्सिलेटरवर गाडी तोलून धरू नये. तसे केल्यास क्लच जळतो. घाट उतरताना हाताने गिअर निवडण्याची 'एम' खूण वापरून खालचा गिअर धरावा. आणि रस्त्यात कोणाशी बोलायला थांबलात तर 'एन' वर घेऊन हातब्रेक ओढावाच. यातल्या बऱ्याच गाड्या ब्रेक सोडताच आपोआप पुढे सरकतात, आणि आपल्या दारात लहान मुले खेळत असतात.

खरा प्रश्न : घरात गाडी चालवणार कोण?

बहुतेक घरांत गाडी घेताना एकच माणूस डोळ्यांसमोर असतो, तो म्हणजे कर्ता पुरुष किंवा थोरला मुलगा. पण हंगामात हा माणूस असतो कुठे? तोड चालू असली तर फडात, रात्रीची वीज असली तर पाण्यावर. नेमक्या त्याच वेळी घरी म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागते, सुनेचे दिवस भरलेले असतात, नाहीतर नातवाला ताप चढतो. दारात पाच-सहा लाखांची गाडी उभी आणि चालवणारा तीन किलोमीटरवर उसात! मग शेजाऱ्याला हाक मारायची. असे असेल तर ती गाडी घराची कसली? एका माणसाची.

आमच्या मते ऑटोमॅटिकचा विचार इथून सुरू व्हावा. स्कूटी चालवणारी आपली मुलगी, सून किंवा मंडळी यांना रस्त्याचा अंदाज असतोच. अडते ते क्लच आणि गिअरच्या मेळापाशी. तेवढी अडचण काढून टाकली तर त्या थोड्या दिवसांत धीराने गाडी घेतात. रीतसर शिकणे आणि परवाना मात्र हवाच, त्यात सूट नाही.

तेव्हा कसोटी अशी लावावी. ए.एम.टी. घेतल्याने घरात दुसरा चालक तयार होणार असेल, तर पन्नास हजार रुपये सत्कारणी लागले. चालवणारा एकच, तरुण आणि गिअरला सरावलेला असेल, वाट चिखलाची असेल आणि सर्व्हिस सेंटर लांब असेल, तर हाताचा गिअर घ्यावा आणि वाचलेले पैसे ठिबकला घालावेत. घरातली बाई गिअरची गाडी शिकायला तयार असेल तर फारच उत्तम. शिकवणीचा खर्च पन्नास हजारांहून पुष्कळ कमी आहे. म्हणून गाडी पाहायला जाताना एकट्याने जाऊ नये. जी माणसे चालवणार त्यांना बरोबर न्यावे आणि चालवून पाहायला त्यांनाच बसवावे.

इंधन कोणते?

सी.एन.जी.चा हिशोब असा. वर्षाला 10,000 किलोमीटर फिरणे, पेट्रोल लिटरला 105 रुपये व प्रत्यक्ष 20 किलोमीटर, सी.एन.जी. किलोला 90 रुपये व प्रत्यक्ष 27 किलोमीटर असे धरू. पेट्रोलला 52,500 आणि सी.एन.जी.ला सुमारे 33,300 रुपये लागतील. बचत 19,200. सी.एन.जी. गाडीला नव्वद हजार जास्त पडले, तर ते फिटायला पावणेपाच वर्षे लागतात. फिरणे निम्मे असेल तर नऊ वर्षांहून अधिक. पंप लांब असेल तर नादी लागू नये. सी.एन.जी. आणि ऑटोमॅटिक दोन्ही एकत्र हवे असणाऱ्यांसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये टियागो आली. आपल्याकडील अशी ती पहिलीच छोटी मोटार.

विजेच्या मोटारीला गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही. रोजचे फिरणे ठराविक आणि घरी वीज भरवशाची असेल तर विचार करावा. मात्र शेतीपंपाच्या जोडणीवर मोटार चार्ज करू नये, ती त्यासाठी नाही.

पेट्रोलबद्दल आपल्याला थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्यात आता आपला ऊस आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग 2001 साली ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही दोन आपल्या राज्यातली. 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाले व 2025 साली ते देशभर पोहोचले. मळी, उसाचा रस आणि धान्य यांपासून हे इथेनॉल होते आणि त्याचा पैसा साखर धंद्याला आधार देतो.

पण आपले पीक आहे म्हणून त्याची दुसरी बाजू झाकू नये. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे जुन्या घडणीच्या मोटारींचे ॲव्हरेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी, तर त्यासाठी जुळवलेल्या मोटारींचे 1 ते 2 टक्क्यांनी उतरते. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनवलेले असतात. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने बनावटीचा महिना-साल पाहावे आणि त्याआधीची असेल तर रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. इथेनॉल हवेतले पाणी ओढते; पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर टाकी अगदी रिकामी ठेवू नये.

हप्ता कशातून?

चार लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षे मुदत : महिन्याला सुमारे 8,300 रुपये. वर्षाचे जवळजवळ एक लाख. वरील दराने हा तेहतीस टन ऊस झाला, तोही लागवडीचा खर्च न धरता. उसाचे पैसे हंगामात येतात, हप्ता मात्र दर महिन्याला. तेव्हा बिल जमा होताच बारा हप्ते बाजूला काढून ठेवावेत. सहामाही किंवा वार्षिक हप्त्याची सोय आहे का, हे बँकेत विचारून पाहावे. सोसायटीचे पीककर्ज मोटारीत घालू नये. त्याने पुढचे खत उधारीवर येते आणि खोडवा उपाशी राहतो. विमा, टायर, सर्व्हिसिंग यांची तरतूद वेगळी धरावी.

सारांश

ॲव्हरेज दोन्हींचे सारखे. चिखल, लांबचे गॅरेज आणि एकच सराईत चालक असेल तर हाताचा गिअर. रांगेतले रस्ते, दुखरे गुडघे आणि घरात दुसरा चालक घडवायचा असेल तर आपोआप गिअर. इंधन फिरण्यावरून ठरवावे, आणि हप्ता उसाच्या टनात मोजून मगच सही करावी. शेजाऱ्याने कोणती घेतली हे शेवटी पाहावे. नाही पाहिले तरी चालेल.

— ऊस विकास विभाग