ग्राऊससाठी बंदूक घेताना

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, ग्राऊसच्या शिकारीला बारा बोअर घेऊ की वीस?" प्रश्न चांगला आहे, पण त्याचा नंबर तिसरा. त्याआधीचे दोन सुटले की हा आपोआप सुटतो.

आणि त्याही आधी कागदपत्रं. तू अजून एच-वन व्हिसावर आहेस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला बंदूक बाळगता येत नाही; शिकारीचा चालू परवाना जवळ असेल तर सूट मिळते. म्हणून परवाना हाती येईपर्यंत दुकानातली बंदूक नुसती हाताळायलाही मागू नकोस. बंदूक-सुरक्षेचा वर्ग तू पूर्ण केलास, निम्मं काम तिथेच झालं.

आता पक्षी समजून घे, कारण बंदूक त्याच्या वागण्यावरून ठरते. आपला मिनेसोटातला ग्राऊस म्हणजे रफ्ड ग्राऊस. वजन अर्धा किलो ते पाऊण किलो, रंग वाळलेल्या पाचोळ्याचा. तो राहतो अ‍ॅस्पनच्या कोवळ्या रानात, ज्याला इथले लोक पॉपल म्हणतात. जुनं रान तोडल्यावर मुळांतून जे फुटवे येतात, ते दहा-पंधरा वर्षांत मनगटाएवढे जाड होतात आणि इतके दाट, की माणसाला अंग चोरून शिरावं लागतं. तू चालत असतेस तोवर तो पाचोळ्यात दबून बसतो. तू थांबलीस की त्याला राहवत नाही. पायाजवळून एकदम फर्रर्र असा आवाज उठतो, छातीत धस्स होतं, आणि तुझी मान वळेपर्यंत तो झाडाआड गेलेला असतो. तुला मिळतो तो एखादा सेकंद. अंतर पंधरा ते पंचवीस वार. सगळं गणित या दोन आकड्यांत आहे.

मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी दुकानदार म्हणाला, ही लांब मारते. मी तीस इंची नळीची, फुल चोकची, जड बारा बोअर घेतली. अख्खा ऑक्टोबर ती नळी पॉपलच्या खोडांवर आपटत राहिली. पक्षी उठायचा आणि माझी बंदूक निम्म्या वाटेवरच असायची. शेवटी एकदा बार लागला, तोही बारा-तेरा वारांवरून. हातात आली ती पिसं आणि फाटलेलं मांस. जीव घेतला आणि पक्षी खायलाही उरला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

तर पहिला प्रश्न: बंदूक तुझ्या अंगाला बसते का? छर्ऱ्याच्या बंदुकीला रायफलीसारखी मागची माशी नसते. तुझा डोळाच मागची माशी. गाल दस्त्यावर जिथे टेकतो तिथून डोळा नळीच्या बरोबर मध्यावरून बघत नसेल, तर छर्रे तू बघतेस तिकडे जाणारच नाहीत. नेम धरायला वेळ असता तर चूक सुधारता आली असती. इथे तो नाही.

दुकानात हे कसं तपासायचं ते नीट ऐक. विचारून घे, नळी उघडून रिकामी असल्याची स्वतः खात्री कर, आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेव. भिंत आणि छत मिळतात तो कोपरा बघ. डोळे मीट, बंदूक सहज खांद्याला आण, गाल टेकव, डोळे उघड. नळीच्या टोकावरचा मणी कोपऱ्यावर असेल आणि डोळ्यासमोर नळीची पट्टी सरळ पसरलेली दिसत असेल, तर ती तुझी. मान ताणावी लागली, दस्ता काखेत अडकला, किंवा नळीऐवजी तिचा मागचाच भाग दिसला, तर खाली ठेव. दहा वेळा कर. एकदा जुळणं म्हणजे योगायोग असू शकतो.

बहुतेक बंदुका मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मापाने येतात; चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण सव्वाचौदा इंच. तुझे हात आखूड आहेत. तुला तेवढा दस्ता बहुधा लांब पडेल. तो कापून घेता येतो, त्यात बंदुकीचा काही अपमान नाही. पण माप घेताना रानात घालणार तेच जाड जाकीट अंगात हवं. टी-शर्टवर बसलेली बंदूक ऑक्टोबरच्या थंडीत अडकते. आणि एक: दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून लांबचा दिवा बघ, मग एकेक डोळा मीट. दिवा ज्या डोळ्याला दिसत राहील तो तुझा मुख्य डोळा. त्याच बाजूच्या खांद्यावरून मारायला शिक. हे आत्ताच ठरव, सवय लागल्यावर बदलणं कठीण जातं.

दुसरा प्रश्न वजनाचा. ग्राऊसच्या दिवशी बंदूक चालवतेस दोन-तीनदा, आणि वागवतेस सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पडलेली झाडं ओलांडत, दलदलीतल्या आल्डरच्या झुडपांतून वाकून. दुपारनंतर दंड भरून येतात, बंदूक खाली लोंबायला लागते, आणि नेमका तेव्हाच पक्षी उठतो. पावणेतीन ते तीन किलोच्या आत ठेव. फार हलकीही नको. ती झटक्यात उठते खरी, पण पक्ष्यामागे फिरताना मध्येच थबकते, आणि धक्काही जास्त देते. नळी सव्वीस इंची, फार तर अठ्ठावीस.

आता तुझा बारा की वीस. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअर नळीचा. वीस केल्या तर गोळी लहान, नळी बारीक. म्हणून आकडा मोठा तर बंदूक लहान. वीसच्या साध्या काडतुसात साधारण पंचवीस ग्रॅम छर्रे असतात. साडेसात नंबरचे घेतलेस तर तीनशेच्या आसपास. वीस वारांवरच्या अर्ध्या किलोच्या पक्ष्याला हे पुष्कळ झाले. माझं मत विचारशील तर वीस घे. अठ्ठावीसची फार गोड असते, पण काडतुसं महाग पडतात आणि आडगावच्या दुकानात मिळत नाहीत. चारशेदहा नवशिक्याने घेऊच नये; छर्रे थोडे, आणि पक्षी जखमी होऊन निसटतो.

हे मात्र काळजावर कोरून ठेव. वीसचं काडतूस बाराच्या नळीत गेलं तर बाहेर पडत नाही, पुढे घसरून मध्येच अडकतं. मागून बाराचं काडतूस भरून चाप ओढला की नळी फुटते आणि बोटं जातात. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. एका खिशात, एका पिशवीत, एका गाडीतसुद्धा दोन मापांची काडतुसं ठेवायची नाहीत. कोकणात आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी होती. बाबा रोज रात्री ती उघडून बोट घालून बघायचे, आणि सकाळी परत बघायचे, मधल्या वेळात कुणी हात लावलेला नसला तरी. मी आजही तसंच करतो.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळपणा. आवळ जास्त तर छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. आपल्याला ते नकोच आहे. सिलिंडर, स्कीट किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, यापलीकडे जाऊ नकोस. दुनळी असेल तर दुसऱ्या नळीत फार तर मॉडिफाइड. स्कीट हा नेमबाजीचा खेळ मुळात ग्राऊसच्या शिकाऱ्यांनीच मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हरला १९२०च्या दशकात सरावासाठी काढला. त्यातल्या विल्यम हार्न्डन फॉस्टरचं न्यू इंग्लंडमधल्या ग्राऊसच्या शिकारीवरचं पुस्तकही पुढे १९४२मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा उन्हाळाभर स्कीटच्या मैदानावर जा, आणि बंदूक आधीपासून खांद्याला लावून उभी राहू नकोस. कमरेशी धर, तबकडी सुटल्यावर वर आण. रानात तसंच होणार आहे.

दुनळी घ्यावी की पंप? पंप स्वस्त, दणकट, आणि पहिल्या वर्षाला अजिबात वाईट नाही. तरी माझा कल दुनळीकडे. ती मोडून हातात धरली की रिकामी आहे हे सोबत्याला लांबून दिसतं, आणि कुंपण ओलांडताना ही गोष्ट फार मोलाची आहे. दोन नळ्या, दोन वेगळे चोक. बाजूबाजूच्या नळ्या की वरखाली, ते तुझ्या डोळ्याला रुचेल तसं.

जुनी दुनळी भेटली तर हरखू नकोस. नळ्या वेगळ्या करून एका बोटावर लटकव आणि नखाने टिचकी मार. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर मधली पट्टी पक्की आहे. बद्द आवाज आला तर डाख सुटलाय. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्या भिंतीवर शोभतात, आजचं काडतूस त्यांत घालायचं नाही. कित्येक जुन्या सोळा बोअरमध्ये काडतुसाचं घरच आजच्यापेक्षा आखूड असतं. कारागिराने माप घेऊन बरी म्हटल्याशिवाय पैसे मोजू नकोस. आणि जुन्या पातळ नळीतून पोलादी छर्रे कधीही नाही.

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. परवाना आला की दुकानात जायच्या आधी माझ्याकडे ये, जाड जाकीट घेऊन. माझी वीसची खांद्याला लावून बघ. दस्ता तुला लांब पडेल. किती लांब पडतो ते आपण टेपने मोजू, आणि ते माप कागदावर लिहून घेऊनच बाहेर पडू.