आरोग्यप्रबोधन : तातडीची गर्भनिरोधक गोळी – दुष्परिणाम व दक्षता

असुरक्षित संबंधानंतर घ्यावयाची लेव्होनॉरजेस्ट्रेल ही गोळी भारतात २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागली. गोळी घरोघरी पोहोचली. तिच्याविषयीची माहिती मात्र मागे राहिली.

१.५ मिलिग्रॅमची ही गोळी ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावी. ती मुख्यतः बीजविमोचन लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही. मळमळ, डोकेदुखी, चक्कर, थकवा, स्तनांचा हुळहुळेपणा हे त्रास बहुधा एक-दोन दिवसांत शमतात. दोन तासांच्या आत उलटी झाल्यास पुन्हा गोळी घ्यावी लागते. गोळीमुळे वंध्यत्व येते, ही भीती निराधार आहे.

खरा धोका गैरसमजात आहे. गोळीनंतर काहींना मध्येच रक्तस्राव होतो. त्यास पाळी समजून निश्चिंत होऊ नये. गर्भ राहिला नसल्याचा तो पुरावा नव्हे. पाळी आठवड्याहून अधिक लांबल्यास लघवीची तपासणी करावी. ओटीपोटात तीव्र वेदना वा भोवळ असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भ गर्भनलिकेत वाढत असल्यास ते जिवावर बेतू शकते.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन व अपस्मारावरील काही औषधांमुळे गोळीचा प्रभाव घटतो. अशा स्त्रियांनी तांबीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळी वारंवार घेतल्यास पाळी अनियमित होते. म्हणून ती नियमित साधनाची जागा घेऊ शकत नाही.

संकोचापायी उपचारास विलंब होऊ नये. कुटुंबीयांनी दोष न देता रुग्णेस सोबत आणावे, ही विनंती.