पहिले अठ्ठावीस दिवस

प्रश्न : बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले, असे वाचले. पण गेल्या वर्षी आमच्या नात्यातले पाच दिवसांचे बाळ गेले. मग नेमके काय कमी झाले?

उत्तर : तुमचे दुःख आणि ते आकडे, दोन्ही खरे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये भारतात हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ७९ बाळे वर्षाच्या आत दगावत. २०१९-२१ पर्यंत हा आकडा ३५ वर आला. लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, न्यूमोनियावर वेळेत औषध यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण हे उपाय मुख्यतः महिन्याभरापुढच्या बाळांना वाचवतात. २०१९-२१ मधल्या त्या ३५ पैकी २५ मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतलेच होते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मतः श्वास न घेणे, जंतुसंसर्ग ही त्यांची कारणे.

यावर उत्तर सापडले ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. थोडे शिकलेल्या बायकांनी हे करून दाखवले, याचे मला आजही अप्रूप वाटते. आज आरोग्य कार्यकर्त्या आशाताई नवजात बाळाला पाहायला घरी येतात, ते याच कामातून.

बाळ अंगावर पीत नसेल, गार किंवा तापलेले लागत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा.