अडकणारीं चाकें आणि मातीवरील शर्यत

गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं आमच्या दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत आले व त्यांनीं खिशांतून नखाएवढा एक रंगीत फ्यूज काढून आमच्या मेजावर ठेविला. "मास्तर, हें पदार्थविज्ञान आमच्या चिरंजीवांस कोणीं शिकविलें?" असा त्यांचा प्रश्न होता. हकीकत अशी कीं, मातीवर धांवणाऱ्या शर्यतीच्या मोटारींतील ए. बी. एस. बंद ठेवितात असें त्या मुलानें कोठेंसें वाचलें, आणि घरच्या मोटारीचा तो फ्यूज काढून पाहिला. परत बसविण्याचें मात्र तो विसरला. दुसऱ्या दिवशीं ओल्या रस्त्यावर म्हैस आडवी आली. वडिलांनीं ब्रेक दाबला, चाकें जागच्या जागीं अडकलीं, आणि स्टिअरिंग फिरविलें तरी मोटार सरळच घसरत गेली. म्हैस आपण होऊन पुढें सरकली म्हणून बरें. पिवळा दिवा सकाळपासून जळत होता. तो दिवाच बिघडला असावा असें त्यांस वाटलें होतें.

मुलाचें वाचन खोटें नव्हतें, अर्धें होतें. तें पुरें करावें म्हणून हा लेख.

ब्रेक लागतां चाक मोटारीच्या वेगाच्या मानानें थोडें मंद फिरूं लागतें. हा मंदपणा शेंकडा १० ते २० च्या आसपास असतो तोंवर डांबरी रस्त्यावर टायरची पकड सर्वांत अधिक असते. चाक पुरतें अडकलें कीं ती पकड उतरते, आणि घसरणाऱ्या टायरला दिशा म्हणून राहत नाहीं. यासाठीं प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा सेन्सर बसविलेला असतो. चाक अडकूं लागतांच एक लहानसा संगणक झडपांकडून ब्रेकच्या तेलाचा दाब सोडवितो व पुन्हां वाढवितो, आणि हें एका सेकंदांत अनेक वेळां घडतें. पायाखालीं जी थरथर जाणवते ती हीच. ही युक्ति प्रथम विमानांसाठीं निघाली. डनलॉप कंपनीचें मॅक्सारेट नांवाचें यंत्र १९६६ मध्यें इंग्लंडांतील जेन्सन एफ. एफ. या मोटारीस लाविलें गेलें, व बॉश कंपनीची विद्युत्-गणकावर चालणारी योजना १९७८ मध्यें मर्सिडीझ मोटारींत आली.

आतां मातीकडे वळूं. वाळूच्या ढिगावर तळहात दाबून पुढें सरकवून पाहा. हातापुढें वाळूचा बांध साचतो व तोच हाताला अडवितो. सुट्या खडीवर अडकलेल्या चाकापुढें नेमकें हेंच होतें. ए. बी. एस. चाकाला पुन्हां पुन्हां फिरूं देतें, त्यामुळें चाक त्या बांधावरून चढून जातें आणि बांध वायां जातो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानें घेतलेल्या चाचण्यांत सुट्या खडीवर ए. बी. एस. मुळें थांबण्याचें अंतर सरासरीनें शेंकडा २७ नीं वाढलेलें आढळलें. इतर बहुतेक पृष्ठभागांवर मात्र तें कमी झालें. हा दुसरा भाग आमच्या विद्यार्थ्यानें वाचलाच नव्हता!

अमेरिकेंत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था रॅलीक्रॉस नांवाच्या शर्यती भरविते. उघड्या मैदानांत शंकू मांडून वांकडीतिकडी वाट आंखितात, मोटारी धांवतात त्या वेळेशीं, आणि शंकू पाडला कीं २ सेकंदांचा दंड पडतो. तेथें मझ्दाच्या मियाटासारखी दोन आसनांची, मागील चाकांनीं ढकलली जाणारी मोटारही उतरते. खांचखळग्यांतून जातांना एखादें चाक क्षणभर अधांतरीं राहतें, व त्याच वेळीं ब्रेक दाबलेला असला तर तें लगेच अडकतें. संगणकाला वाटतें, खालीं बर्फच आहे! तो दाब सोडून देतो, पायाखालचें पॅडल दगडासारखें घट्ट होतें, आणि मोटार वळण सोडून सरळ जाते. शिवाय वळणापूर्वीं मागील चाकें थोडीं घसरवून मोटारीचें तोंड फिरविणें ही तर तेथील चालकांची कलाच आहे. म्हणून ते यंत्र बंद करितात. १९८० नंतरच्या दशकांतील ऑडी क्वाट्रोमध्यें याकरितां बटणच असे; बटण नसेल तेथें फ्यूज काढितात.

पण फ्यूज काढणें म्हणजे दिव्याचें बटण दाबणें नव्हे. अलीकडच्या बहुतेक मोटारींत पुढील व मागील चाकांत ब्रेकचा दाब किती वांटावा हेंही तोच संगणक ठरवितो. जुन्या गाड्यांत हें काम साधी यांत्रिक झडप करी. संगणक बंद पडला आणि अशी झडपही नसली, तर मागील चाकें आधीं अडकतात, आणि मोटार भिंगरीसारखी गर्रकन् उलट फिरते. यास्तव जाणता स्पर्धक प्रथम आपल्या मोटारीची रचना समजून घेतो. मग मोकळ्या मातींत अगदीं मंद गतीनें एकदां जोरानें ब्रेक दाबून कोणतीं चाकें आधीं अडकतात तें पाहतो, व त्यानंतरच शर्यतींत उतरतो. काढलेला फ्यूज खिशांत टाकूं नये, स्टिअरिंगलाच चिकटवून ठेवावा, असें आमचें मत आहे. मैदान सोडण्यापूर्वीं तो परत बसवावा, किल्ली फिरवावी, आणि पिवळा दिवा एकदां लागून विझतो कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. रस्त्यावर माणसें, मुलें, म्हशी असतात. तेथें शंकू नसतात.

हें सर्व फळ्यावर आकृति काढून आम्हीं वर्गांत सांगितलें. वडीलही शेवटच्या बांकावर बसून ऐकत होते. तास संपतां संपतां चिरंजीव उभे राहिले: "सर, खडी आहे कीं डांबर, हें यंत्रालाच ओळखतां आलें तर?" प्रश्न चांगला होता. टोयोटाच्या लँड क्रूझरसारख्या कांहीं गाड्यांत भूमीच्या प्रकाराप्रमाणें वागणारें ए. बी. एस. असतें, आणि आपल्या चाकणला बनणाऱ्या के. टी. एम. च्या कांहीं मोटारसायकलींत मागील चाकापुरतें तें बंद ठेवण्याची सोय असते, एवढें आम्हीं सांगितलें. तों घंटा झाली. फ्यूज आम्हीं वडिलांस परत दिला. त्यांनीं तो मुलाच्या हातीं ठेविला आणि दोघेही मोटारीकडे गेले.