शब्दार्थ आणि भावार्थ

देगलूर तालुका तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेस लागून आहे. येथील काही मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. असे मूल वर्गात ‘तेलु, तेलु’ म्हणू लागले, तर त्यास तेल हवे आहे, असा शिक्षकाचा समज होण्याचा संभव आहे. तेलुगूत ‘तेलु’ म्हणजे विंचू! अशा वेळी शब्दापेक्षा मुलाची मुद्रा पाहावी. विलंब झाल्यास दंश व्हावयाचा.

पैठणच्या संत एकनाथांचे (१५३३–१५९९) विंचवाचे भारूड शिकविताना अडचण उलट असते. विंचू हा शब्द सर्वांस कळतो, आशय निसटतो. मुले हसतात, खुशाल हसू द्यावीत, सोंग त्यासाठीच आहे. हा विंचू म्हणजे काम-क्रोध, हे नाथांनी स्वतःच सांगितले आहे. परंतु तेवढे फळ्यावर लिहून पाठ संपवू नये. ‘राग आला म्हणजे अंगास काय होते?’ असे विचारावे. कोणी घाम म्हणेल, कोणी थरकाप. विंचवाच्या विषानेही हेच होते, हे मग मुलेच बोलतील.

नाथांनी उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगारा सांगितला आहे. खऱ्या दंशास मात्र दवाखानाच गाठावा, हेही त्याच तासास सांगावे.